जानवशाच्या चादरी

लग्नाच्या आधी मुलीच्या आईला दागिन्यांची काळजी असते, जेवणाची असते, कोण रुसेल आणि कोण फुगेल ह्याची असते. शुभाला काळजी होती ती संडासांची. मुलुंड पश्चिमेच्या एका गल्लीतल्या तीन मजली हॉटेलात तिने चार खोल्या घेतल्या होत्या, आणि त्या चार खोल्यांचे संडास, मोऱ्या, गाद्या, उशा आणि चहाच्या किटल्या तिच्या डोक्यात असे काही घर करून बसले होते की मनालीच्या शालूला पिको झाला की नाही, हे विचारायचंसुद्धा ती विसरून गेली.

मुलीकडच्यांनी मुलाकडच्या मंडळींना उतरायला नीट जागा द्यायची, ही त्यांच्या जालन्याकडची रीत. त्या जागेला जानवसा म्हणतात. गावाकडे शाळेची खोली झाडून घेतली, सतरंज्या अंथरल्या, पाण्याचा रांजण भरला की जानवसा तयार. मुंबईत आल्यावर ही रीत मागे पडली, कारण इथे पाहुणे आपापल्या घरून येतात आणि जेवून आपापल्या घरी जातात. पण मनालीने लग्न जमवलं ते सुयोग परबशी. सुयोग स्वतः कांदिवलीला मित्रांबरोबर भाड्याने राहणारा, पण त्याचे आईवडील कुडाळजवळच्या गावी. वडील, धाकू परब, एकेकाळी लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बायकोमुलाला घेऊन गावी गेले ते तिथेच रमले. ती मंडळी कोकणातून रेल्वेने ठाण्याला उतरणार, लग्नाच्या आदल्या दिवशी येणार, म्हणजे जानवसा आलाच. शुभाचा नवरा धोंडिराम हॉल आणि आचारी ह्यांच्या मागे धावत होता. जानवसा शुभाने आपल्या अंगावर घेतला.

परब हिंदू, आणि शुभाचं घर बौद्ध. मुलांनी एकमेकांना पसंत केलं, दोन्ही घरांनी थोडे आढेवेढे घेऊन हो म्हटलं, आणि लग्न विहारातल्या भन्तेजींच्या हातून होणार, हे तर परबांनीच आधी कबूल करून टाकलं. भांडायला त्यांनी जागाच ठेवली नाही. खरं तर ह्यात समाधान मानायला हवं होतं. पण शुभाचा स्वभाव असा की भांडण झालं नाही तर ते कुठेतरी दबा धरून बसलंय असंच तिला वाटत राही. परबांकडून कुणी आपल्या घराला नाव ठेवणार असेल, तर ते कशावरून ठेवील, हे तिने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. स्वच्छतेवरून. म्हणून तिथे बोट ठेवायला जागाच सोडायची नाही, असा तिने पण केला.

शुक्रवारी दुपारी ती एकटीच त्या हॉटेलात जाऊन थडकली आणि मॅनेजरला म्हणाली की आज मी गिऱ्हाईक, उद्या माझे पाहुणे जे बघतील ते आज मला बघू दे. मॅनेजर मंगळुरी होता, सोशिक होता, पण मुलीच्या आया त्याने फारशा पाहिल्या नसाव्यात. त्याने हसून किल्ल्या दिल्या.

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शुभाची तयारी झाली होती. तिने चादरी उचलून गाद्यांच्या शिवणींवर टॉर्च फिरवला. ढेकूण नव्हते, ढेकणांचे काळे ठिपके नव्हते, तेवढं बरं निघालं. मग तिने उशांच्या खोळी काढल्या, तर दोन उशांवर चहा सांडल्यासारखे पिवळे डाग. चादरींना इस्त्रीची घडी दिसेना. घडी नाही म्हणजे धुऊन आलेली नाही, नुसती झटकून परत घातलेली, असा तिने निकाल दिला. ग्लास उजेडाला धरला तर काठाला कुणाच्या तरी ओठांचा ठसा. किटलीचं झाकण उघडलं तर आतून उकडलेल्या अंड्यांचा वास. मोरीच्या जाळीवर लांब केस होता. टीव्हीचा रिमोट तिने कापसाने पुसला आणि तो काळाकुट्ट बोळा मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला. मॅनेजर म्हणाला की मॅडम, ह्या हॉटेलाला इतकी वर्षं झाली, रिमोट कुणी पुसून बघितला नाही. शुभा म्हणाली की म्हणूनच तो असा आहे.

त्या दुपारी तिने हॉटेलच्या माणसांच्या नाकी नऊ आणले. एकेका खोलीची फरशी पुन्हा धुतली गेली, किटल्या लिंबाने उकळल्या, उशा बदलल्या. धोब्याकडून आलेला गठ्ठा तिच्यासमोर फोडून नव्या चादरी घातल्या. हे सगळं मनाली फोनवरून सुयोगला रंगवून रंगवून सांगत होती, आई म्हणजे सीआयडी झालीय म्हणत खिदळत होती. शुभाला त्याचा थोडा रागही आला आणि थोडा अभिमानही वाटला. सांगू दे, तिच्या मनात आलं. आपण किती निगुतीने करतोय ते तिकडे कळलं तर बिघडलं कुठे?

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ कुंडलिक विक्रोळीहून आला. कुंडलिक महापालिकेच्या शाळेत शिक्षक, वाचणारा, सभांमधून बोलणारा, आणि कुणी तिरकं पाहिलं तरी खडसावून जाब विचारणारा. तो खोलीत शिरला तेव्हा शुभा घरून आणलेल्या जुन्या फडक्याने नळाची तोटी चकचकीत करत होती. तो बराच वेळ दारात उभा राहून बघत होता.

"ताई, माझ्या लग्नात माझी सासुरवाडी आली होती," तो म्हणाला. "त्यांना समाजमंदिरात उतरवलं होतंस. तेव्हा नाही नळ घासलेस."

"तेव्हा हॉटेलं परवडत नव्हती रे."

"नळ तर होते ना."

शुभा पुन्हा तोटी घासायला लागली. कुंडलिकला टोचून बोलायची खोड होती, पण टोचायचं कुठे हेही त्याला बरोबर ठाऊक असायचं.

कुंडलिकला सांगितली नव्हती अशी एक गोष्ट होती. शुभा पोस्टात नोकरीला लागली तेव्हा शेजारच्या खिडकीवर एक बाई होत्या. मोठ्या प्रेमळ. शुभाला कामाच्या सगळ्या खाचाखोचा त्यांनी शिकवल्या, मनाली झाली तेव्हा झबली-टोपडी घेऊन घरी आल्या, पुढेही दिवाळीला, वाढदिवसाला येत राहिल्या. येताना पाण्याची बाटली बरोबर आणायच्या आणि खायला काही दिलं की म्हणायच्या, नको गं, माझी ॲसिडिटी. शुभा बिचारी त्यांच्यासाठी घरात थंड दूध ठेवायची, फिकी खिचडी करायची. मग एकदा ऑफिसातल्या दुसऱ्या बाईकडे सगळ्या जमल्या, आणि तिथे ह्याच बाईंनी मिसळपाव मागून मागून खाल्ला, वर तिथल्या माठातलं पाणी प्यायल्या. शुभा समोरच बसली होती. तिने काही विचारलं नाही. विचारून काय करायचं होतं? पण त्या दिवसापासून कुणी आपल्या घरात येऊन गोड बोलत "सवय नाही", "प्रकृतीला चालत नाही" असं म्हणालं की तिला ती बाटली आठवे.

शनिवारी सकाळी परब मंडळी आली. सुयोगचे काका-काकू, आत्या, चुलतभावंडं, आणि सगळ्यांच्या मागून सावकाश येणारे सुयोगचे आईवडील. गेल्या वर्षी धाकू परबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. चालता येत होतं, पण उजवा पाय ओढत, आणि बोलताना शब्द जिभेवरच अडकायचे. मूळचा दांडगा माणूस असावा, खांदे अजून तेवढेच रुंद होते. त्यांच्या कोपराला धरून रुक्मिणी चालत होती. ठेंगणी, काटक बाई, डोक्यात अबोलीचा गजऱ्यासारखा वळेसर, आणि प्रवासानंतरही लुगडं जागच्या जागी. कुंडलिकने सामान घ्यायला हात पुढे केला तेव्हा तिने सगळं दिलं, एक फुगलेली पिशवी मात्र दिली नाही. ऱ्हवांदे ओ, हलकीच आसा, असं म्हणत ती स्वतःच्या खांद्याला लावून लिफ्टमध्ये शिरली.

शुभा खोली दाखवायला बरोबर गेली. रुक्मिणीने खोली पाहिली, मोरीत डोकावली, पलंगावर हलकेच हात टेकवला आणि घाईने उचलला. छान आसा, छान आसा, एवढंच दोनदा म्हणाली. शुभाला वाटलं होतं, बाई थोडं तरी कौतुक करील, निदान उशा तरी चाचपून बघील. पण तिला जणू शुभाने लवकर निघावंसं वाटत होतं. दमली असेल, असं म्हणून शुभा खाली आली.

हॉटेलच्या तळमजल्यावर जेवायची खोली होती. तिथे शुभाकडच्या बायका संध्याकाळच्या हळदीची तयारी घेऊन बसल्या होत्या. कुंडलिकची बायको मीरा विड्याची पानं पुसत होती. मंडळींना जेवायला कधी वाढायचं, हे विचारायला कुंडलिक वर गेला आणि दोन मिनिटांत परत आला. त्याचा चेहरा बघूनच मीराने हातातलं पान खाली ठेवलं.

त्याने सांगितलं ते सगळ्यांच्या देखत सांगितलं. परबांच्या खोलीबाहेर खुर्चीवर चादरी आणि उशांच्या खोळी काढून ठेवल्या आहेत. आत रुक्मिणीबाई स्वतःच्या पिशवीतल्या, घरून आणलेल्या चादरी घालतायत. दार किलकिलं होतं, त्याने डोळ्यांनी बघितलं. बाकीच्या खोल्यांमध्ये तसं काही नाही, फक्त मुलाच्या आईच्या खोलीत.

मीरा म्हणाली की असेल काहीतरी, एखादीला हॉटेलच्या चादरी आवडत नाहीत. कुंडलिक म्हणाला की हॉटेलच्या कसल्या, त्या आपण दिलेल्या चादरी होत्या. मग बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, तरीच सगळं एवढं पटकन कबूल केलं. कुणीतरी म्हणालं, लग्न लागायच्या आधी कळलं ते बरं. कुंडलिकने बाह्या वर सारल्या.

"मी विचारतो त्यांना," तो म्हणाला. "आत्ताच. सगळ्यांसमोर. मनाली त्या घरात जायच्या आधी हे मिटलं पाहिजे."

"मुलगी माझी आहे," शुभा म्हणाली. "मी विचारते."

लिफ्टची वाट न बघता ती जिना चढली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. काल दिवसभर आपण ह्याच चादरींसाठी एका परक्या माणसाशी हुज्जत घातली, खाली वाकून मोऱ्या बघितल्या, नळ घासले, आणि ह्या बाईला तिथे एक दुपार पडायचं सुद्धा जड जातंय. कुंडलिक काल म्हणाला ते खरंच होतं. कितीही घासलं तरी जे घासून निघत नाही, तेच आपण घासत बसलो होतो.

खोलीबाहेरच्या खुर्चीवर चादरी होत्या. फेकलेल्या नव्हत्या. काठाला काठ जुळवून, हाताने दाबून, दुकानात ठेवाव्यात तशा घड्या केलेल्या. त्या घड्या बघून शुभाला जास्तच लागलं. एवढ्या सभ्यपणे नाकारलेलं तिने पूर्वीही पाहिलं होतं.

तिने दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. धाकू परब खिडकीशी खुर्चीत बसून खालचा रस्ता बघत होते. रुक्मिणी पलंगाशी वाकली होती. धुऊन धुऊन विरलेली, फुलाफुलांची घरची चादर ती गादीखाली खोचत होती. शुभाला पाहून ती चटकन ताठ उभी राहिली आणि पलंगाच्या पुढ्यात आली, चोरी पकडल्यासारखी.

"आमच्या चादरी चालल्या नाहीत तुम्हाला?" शुभाने विचारलं.

रुक्मिणी हसायला गेली. तसं नाही, म्हणाली, ह्यांना परक्या ठिकाणी झोप लागत नाही, घरच्याच चादरीची सवय आहे.

सवय. शुभाला पोस्टातल्या त्या बाई आठवल्या. ती बाटली, ते थंड दूध, ती फिकी खिचडी. त्या वेळी ती गप्प बसली होती आणि पुढे कितीतरी वर्षं स्वतःलाच दोष देत राहिली होती. आता गप्प बसायचं नव्हतं.

"विहीणबाई, मला गोल गोल बोलता येत नाही," ती म्हणाली. "उद्यापासून माझी मुलगी तुमची सून. ती तुमच्याकडे येईल, चुलीशी जाईल, पाणी भरील. तिच्या हातचं तुम्हाला चालेल, का त्याचीही सवय नाही?"

खिडकीशी बसलेल्या माणसाने मान वळवून दोघींकडे पाहिलं आणि अर्धवट हसून पुन्हा रस्त्याकडे नजर लावली. रुक्मिणी जागची हलली नाही. आधी तिच्या कपाळाला आठी पडली, तिला प्रश्नच कळला नव्हता. मग कळला. शुभाला ते दिसलं, कारण बाईच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, ओठ हलवले आणि मिटले. शुभाला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलेल आणि मी निघून जाईन.

रुक्मिणीने तिचं मनगट धरलं. घट्ट, आजाऱ्याला धरतात तसं. तिला पलंगाच्या पलीकडच्या बाजूला नेलं, नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि त्या विरलेल्या चादरीचं टोक उचललं. खाली मेणकापड होतं. बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या खाली घालतात ते, तांबडं, पलंगभर. त्याच्या खाली आणखी एक जुनी गोधडी, आणि तिच्या खाली गादी. रुक्मिणीने शुभाला ते नीट बघू दिलं. मग टोक सोडलं, हाताने सारखं केलं आणि तिला तसंच धरून खोलीबाहेर आणलं. आतमध्ये ती एक शब्द बोलली नव्हती.

बाहेर आल्यावर तिने दार ओढून घेतलं आणि तिथेच, त्या चादरींच्या खुर्चीपाशी, हळू आवाजात बोलायला लागली. मघाशी आत जपून बोललेली मुंबईची भाषा गळून पडली होती.

"रातचा ह्येंका कळणा नाय," ती म्हणाली. "झटको इल्यापासून. सकाळी उठाच्या आधी मी सगळा बदलतंय. ह्येंका वाटता, घाम येता."

नवऱ्यालाच ते ठाऊक नव्हतं. मुलालाही नाही. दिराने कुठूनतरी ओळखलं होतं आणि तो म्हणाला होता की दादाला घरीच ठेव, शेजारी कुणीतरी बघेल, लग्नात उगाच शोभा होईल. ती हट्टाला पेटली. एकुलत्या मुलाचं लग्न बापाने बघायचंच. पण मग काल संध्याकाळी सुयोगने फोनवर हसत हसत सांगितलं की सासूबाईंनी खोल्या टॉर्च लावून तपासल्या, एक केस सापडला तर मॅनेजरला उभा आडवा घेतला, रिमोटसुद्धा पुसून बघितला. ते ऐकल्यापासून तिची पाचावर धारण बसली होती. रात्रीत इथल्या चादरी ओल्या झाल्या, हॉटेलवाल्याने खाली येऊन तुम्हाला सांगितलं, चारचौघांत बोभाटा झाला, तर मुलाच्या बापाने तोंड कुठे दाखवायचं? म्हणून तिने रात्रीच्या गाडीला निघता निघता घरातल्या जुन्या चादरी, मेणकापड, सगळं त्या पिशवीत कोंबलं.

"ह्येंका कळला, तर खाणापिणाच सोडतले," ती म्हणाली. "कोणाक बोलू नकात. सुयोगाक पण नाय. तुमका दाखवलंय, कारण तुमचा तोंड माझ्यान बघवूक नाय."

 शुभाला एवढा सुटल्यासारखा आनंद झाला होता की त्याचीच लाज वाटत होती, आणि त्याच्याखाली आणखी एक लाज होती, तिला तळ नव्हता. कुणाला दाखवून देण्यासाठी तिने काल तो टॉर्च फिरवला होता, आणि त्याचा उजेड कुडाळच्या एका घरात जाऊन ह्या बाईच्या डोळ्यांवर पडला होता. दुसऱ्याने आपल्यात घाण शोधू नये म्हणून ती आधी स्वतः शोधत सुटली, आणि पलीकडे एक बाई तितक्याच भीतीने आपली घाण पिशवीत भरत बसली होती.

आणि मग तिच्या ध्यानात आलं की रुक्मिणीला हे दाखवायची काहीच गरज नव्हती. सवय म्हणून अडून बसली असती तर काय झालं असतं? शुभाने तिला जात पाळणारी समजून मनातून कायमचं उतरवलं असतं, पण नवऱ्याची गोष्ट झाकलेलीच राहिली असती. एवढे महिने पदराखाली जपलेलं तिने एका घडीत उघडं केलं, ते का, तर ही आपल्याला तसली समजते, हे तिला सहन झालं नाही म्हणून. तिच्या जागी आपण असतो तर आपल्याच्याने हे झालं असतं का, ह्याचा शुभाला भरवसा वाटेना.

"विहीणबाई," ती शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला नको ते बोलले."

रुक्मिणीने मान हलवली आणि पदराने आधी शुभाचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

खाली येताना शुभा आधी मॅनेजरकडे गेली आणि म्हणाली की परबांच्या खोलीत आता सोमवारपर्यंत कुणीही जायचं नाही, झाडायला नाही, चादर बदलायला नाही, कशालाच नाही. काल ज्या बाईने त्या खोलीत माणसं पाठवून पाठवून दमवलं तीच ही का, असं मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं. त्याने विचारलं की मॅडम, काही तक्रार आहे का. शुभा म्हणाली की काही तक्रार नाही, तुमच्या खोल्या छान आहेत. तो बिचारा उठून उभा राहिला.

जेवायच्या खोलीत सगळ्यांचे डोळे दाराकडे लागले होते. कुंडलिक उभाच होता. जिना उतरताना शुभाने काही ठरवलं नव्हतं. पण ती आत आली आणि शब्द आपोआप आले.

"चादरी मीच आणायला सांगितल्या होत्या त्यांना," ती म्हणाली. "इथल्या चादरींची मला खात्री नव्हती. म्हटलं, आजारी माणूस आहे, घरच्याच आणा. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

मीराला ते लगेच पटलं. काल ताईंनी रिमोट धुवायचाच बाकी ठेवला होता, असं ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. जिने लग्न लागायच्या आधी कळलं ते बरं असं म्हटलं होतं, तीही हसली आणि हळकुंडं मोजायला लागली. मिटलं होतं. एवढ्यात मिटलं.

कुंडलिक मात्र हसला नाही. तो शुभाच्या जवळ आला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला.

"म्हणजे त्यांना आपलं चालणार नाही, हे तूच धरून चाललीस," तो म्हणाला. "ते तसे नव्हतेच, ताई. आधीच वाकलीस ती तू. आईने आपल्याला हे शिकवलं नव्हतं गं."

त्याचा आवाज चिडलेला असता तर शुभाला सोपं गेलं असतं. तो दुखावलेला होता. ह्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं होतं, ताठ मानेने चालायला पहिल्यांदा तिनेच शिकवलं होतं, आणि तो जेव्हा सभेत उभा राहून बोलायचा तेव्हा ती पुढच्या रांगेत बसायची. एका वाक्यात तिला त्याची समजूत घालता आली असती. कुंडलिक काही पोटात न ठेवणारा माणूस नव्हता, त्याने ते कुणाला सांगितलं नसतं. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण कोणाक बोलू नकात, ह्यात कुंडलिकही आला.

"हो रे," ती म्हणाली. "चुकलं माझं."

लिफ्टचं दार उघडलं. रुक्मिणी नवऱ्याला जेवायला घेऊन खाली आली होती. त्यांना तिने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, केस पाणी लावून विंचरले होते. ते पाय ओढत आत आले, शुभासमोर थांबले, आणि मोठ्या कष्टाने, एकेक शब्द ओठांशी आणून त्यांनी सांगितलं की खोली छान आहे, फार स्वच्छ आहे.

"घरच्या चादरींवर बरं वाटणारच," कुंडलिक म्हणाला. तो त्यांच्याशी बोलला, पण बघत शुभाकडे होता.

रुक्मिणीने कुंडलिककडे पाहिलं, मग शुभाकडे. काय झालं असावं, ते तिला कळायला वेळ लागला नाही. ती बोलायला पुढे झाली, तिचा हात वर उचललाही गेला. शुभाने किंचित मान हलवली, नाही म्हणून, आणि व्याह्यांसाठी खुर्ची ओढली. रुक्मिणी तिथेच थबकली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी करण्यात लपवले.

कुंडलिकने टेबलावरची विड्याची पानं मीरापुढे सरकवली आणि तो बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. शुभाला काचेतून त्याची पाठ दिसत होती. तिने त्याला हाक मारली नाही. ती वाढायला लागली, आणि पहिलं ताट तिने धाकू परबांपुढे मांडलं.